विषय : ६.४५ ला सुटलेली ७ ची बस आणि माझे ५,५५० रुपये

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनवरचा पाचवा कॉल आत्ताच संपला. म्हणजे तिकडून कापला गेला. म्हणून लेखी कळवतो आहे.

गोरखपूर ते काठमांडू अशी तीन तिकिटं; मी, पत्नी आणि ७३ वर्षांची आई. सोनौलीपर्यंत तुमची बस, मग सीमा पायी ओलांडायची आणि पलीकडे बेलहियाला तुमच्या भागीदाराची बस पकडायची, हे तुम्हाला मी सांगायला नको. सीमेवर काही अडलं नाही. आम्हा दोघांची मतदार ओळखपत्रं चालली, पासष्टीच्या पुढची म्हणून आईचं आधार कार्ड चाललं. कमानीखालून बॅगा ओढत काउंटरवर पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात ६.५० झाले होते. मोबाइलमध्येही ६.५०च, कारण त्याने अजून भारतातलाच टॉवर धरलेला. काउंटरच्या भिंतीवर ७.०५. बस गेलेली.

नेपाळचं घड्याळ आपल्या १५ मिनिटं पुढे असतं. १९८६ पासून. हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं, कबूल. पण त्या मार्गाची तिकिटं मी विकत नाही, तुम्ही विकता. तिकिटावर 'सुटण्याची वेळ ७.००' एवढंच छापलंय. कुठल्या देशातले ७, ते नाही.

आता आजच्या कॉलबद्दल. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं (पाचव्यांदा). त्यावर तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, "सर, तुम्ही ६.५० ला पोचलात ना?" हो. "बस ७ ची होती ना?" हो. "मग तुमच्या हातात दहा मिनिटं होती, सर." मी म्हटलं, मॅडम, तिथे तेव्हा ७ वाजून ५ मिनिटं झाली होती. थोडा वेळ सतार ऐकवली. मग, "सर, आमच्या सिस्टिममध्ये टाइम एकच आहे." मी म्हटलं, सिस्टिममध्ये एक असेल, देश दोन आहेत. "मग सर, व्हिसा होता का तुमच्याकडे?" १९५० च्या करारापासून भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, हे काठमांडूची तिकिटं विकणाऱ्या कंपनीला मुलुंडहून मी फोनवर समजावतोय! पुन्हा सतार. परत आल्यावर मी 'सर'चा 'काका' झालो होतो. "काका, तुमचं घड्याळ मागे पडत असेल. सेल बदलून बघा ना एकदा."

मी चाळीस वर्षं ८.१२ ची लोकल पकडली आहे. घड्याळाचं मला सांगू नका.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला जे पढवलं तेच ती बोलली. पण तुम्ही आम्हाला 'नो-शो' ठरवलंत, म्हणजे आम्ही आलोच नाही. मग बेलहियाच्या रस्त्यावर बॅगेवर बसून होती ती बाई कोण? माझी आई. पशुपतीनाथाचं दर्शन घ्यायचं म्हणून गुडघ्याला पट्टा बांधून आलेली. शेवटी शंभराच्या नोटा मोजून एका मायक्रोबसने नारायणघाट, तिथे गाडी बदलून काठमांडू. पोचलो तेव्हा रात्र झाली होती. तुमचा त्या दिवसभरात एक फोन नाही. एसएमएस आला तो 'आपला प्रवास सुखाचा झाला का?'

तिकिटावर 'नेपाळी वेळ' हे दोन शब्द कुठेही नाहीत, हे पुन्हा सांगतो. तीनही तिकिटं मागून-पुढून पाहिली आहेत.

५,५५० रुपये आणि मायक्रोबसच्या भाड्यासह वरचा खर्च सात दिवसांत परत हवा. दिवस भारतीय वेळेनुसार मोजावेत. नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार मी राहतो तिथल्या ग्राहक आयोगात करता येते आणि मी करणार. आम्ही मुंबई ग्राहक पंचायतीचे जुने सभासद आहोत, ते फक्त तिथून घरी येणाऱ्या तूरडाळ आणि पोह्यांपुरते नाही.

वाईट एवढंच वाटतं, की कोकणात जाताना दरवर्षी तुमच्याच ॲपवर तिकिटं काढायचो. सोसायटीतल्या निम्म्या लोकांना मीच ते ॲप घ्यायला लावलं होतं.

आपला,
एक 'नो-शो' प्रवासी, मुलुंड (पूर्व)

ता.क. सोबत तिकिटांच्या प्रती आणि काउंटरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो. त्याच फोटोत माझं मनगटही आहे. दोन्ही घड्याळांचे सेल चालू आहेत.