जाळ फसतो तो काडी ओढण्याआधीच: फिनलंडच्या जंगलातल्या वाटाड्याला पत्र

प्रिय ओपास,

हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुम्हाला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. तुमच्याकडे पोरं मास्तरांनाही नावाने हाक मारतात, अहो-जाहोची भानगडच नाही. आम्हाला ते जमत नाही, आणि तुमचं नाव असं चव्हाट्यावर लिहायचंही नाही, म्हणून नुसतं 'ओपास'. फिनिशमध्ये वाटाड्याला हाच शब्द. पत्र उघडं ठेवलंय त्याला कारण आहे. हेलसिंकी-एस्पो भागात नवी मराठी मंडळी येत राहतात. राजगड, हरिश्चंद्रगड पालथे घातलेले असतात, आणि पहिल्याच ऑक्टोबरात जीन्स घालून नूक्सिओच्या जंगलात शिरतात. तुमचे आभार मानता मानता त्यांच्याही कानावर चार गोष्टी गेलेल्या बऱ्या.

पहिले आभार तुम्ही जे शिकवलं नाही त्याबद्दल. जंगलात तग धरणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दोन काठ्या घासून विस्तव काढणारा बहाद्दर उभा राहतो. तुम्ही खिशातून साधा लायटर काढता, दुसऱ्या खिशातून दुसरा, सॅकच्या तळातून तिसरा. त्यातला एक कायम आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. कारण पारा शून्याखाली गेला की लायटरमधला ब्युटेन वायू व्हायला तयार होत नाही, चाक कितीही फिरवा. काठ्या घासायच्या त्या हौसेला, घरामागे, उन्हात. ओल्या जंगलात, बोटं बधिर झाल्यावर, ती विद्या जवळजवळ निरुपयोगी आहे, हे सांगायचा प्रामाणिकपणा या धंद्यात सगळ्यांकडे नसतो.

जाळ काडी ओढताना फसत नाही, त्याआधी अर्धा तास फसलेला असतो, हे तुमचं म्हणणं आता आम्हीच दुसऱ्यांना ऐकवतो. सरपण तीन मापांत आधी जमवायचं: काडेपेटीतल्या काडीएवढ्या काटक्या दोन ओंजळी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या एक मोठा जुडगा, अंगठ्याएवढ्या कवेत मावतील तेवढ्या. ते हाताशी रचून झाल्याशिवाय लायटरला हात लावायचा नाही. काटकी मोडताना 'कट्' असा आवाज आला पाहिजे. नुसती वाकली तर ती जिवंत आहे किंवा ओली. फोडलेलं लाकूड कोरडं आहे का हे हाताला कळत नाही, हात आधीच गारठलेला असतो. ते वरच्या ओठाला टेकवायचं. सर्द लागलं तर आत पाणी आहे.

राष्ट्रीय उद्यानांत मेत्सॅहाल्लितुस, म्हणजे तिथलं सरकारी वनखातं, ठरलेल्या चुलाण्यांजवळ छपरीत ओंडके ठेवतं. नवा माणूस ओंडका तसाच चुलाण्यात टाकतो आणि तासभर धूर खातो. ओलावा बाहेरच्या बोटभर थरात असतो, गाभा सुका असतो. ओंडका फोडून, पुन्हा फोडून, गाभ्याच्या अंगठ्याएवढ्या फोडी काढायच्या. आखूड दांड्याची कुऱ्हाड असेल तर गुडघे टेकून फोडायचं. उभ्याने मारलेला घाव हुकला की नडगीत येतो, बसून मारलेला जमिनीत जातो. एवढ्या एका सवयीसाठीसुद्धा तुम्हाला वेगळं पत्र लिहायला हवं.

छपरीतले ओंडके बहुतेक वेळा भूर्जाचे असतात, आणि पेटवण त्यांच्या अंगावरच असतं. आपल्याकडे भूर्जपत्र म्हणजे पोथीचं पान. फिनलंडात तीच साल, तुओही, ओल्या दिवसातही पेट घेते, कारण तिच्यात तेलकट द्रव्य भरलेलं असतं. काळा धूर सोडत, राळेसारखी चटचट जळते. पातळ पापुद्रे बोटाने सोलून मूठभर चुरगळायचे, जाड साल वर ठेवायची. जिवंत झाडाची साल मात्र काढायची नाही. तिथल्या कायद्याने परक्याच्या जंगलात चालता येतं, बेरी-अळंबी वेचता येतात, रात्रीपुरता तंबूही ठोकता येतो. पण साल, शेवाळ, उभी किंवा पडलेली झाडं यांना जमीनमालकाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. जाळालाही परवानगी हवी, आणि वणव्याचा इशारा असेल तर परवानगी असूनही उघड्यावर जाळ नाही. झाडांवरून दाढीसारखं लोंबणारं ते दगडफूलही तिथेच राहू द्यायचं, गोडा मसाला कितीही आठवला तरी.

साल नसेल तिथे तेर्वास. पाइनचं झाड पडून जातं, खुंट वर्षानुवर्षं उभा राहतो, आणि त्याच्या गाभ्यात राळ साकळते. तो भाग मधासारखा तांबूस दिसतो, हातात जड लागतो, खरवडला की टर्पेंटाइनचा वास सुटतो. सुरीच्या पाठीने त्याचा कीस पाडायचा, चमचाभर पुरतो. फेरो रॉड, म्हणजे खरवडली की ठिणग्या सोडणारी धातूची कांडी. तिची ठिणगी त्यावर धरते, पाऊस भुरभुरत असला तरी. इथे बहुतेक जण रॉड स्थिर धरून सुरी पुढे रेटतात, सुरी किसावर आपटते आणि सगळं उधळतं. तुम्ही उलटं शिकवलंत: रॉडचं टोक किसात रोवायचं, सुरी जागच्या जागी धरायची आणि रॉड मागे ओढायचा. सुरीची पाठ काटकोनात, धारदार कडेची हवी. गोलसर घासलेल्या पाठीने ठिणगी पडत नाही, नुसती कुरकुर होते.

जाळाची जागा हाही एक धडाच. बर्फ लदलेल्या स्प्रूसच्या झाडाखाली पेटवला तर धगीने वरचा बर्फ सुटतो आणि अख्खी फांदी जाळावर रिकामी होते. बर्फावर थेट पेटवला तर जाळ स्वतःच खड्डा खणून त्यात बुडतो, म्हणून मनगटाएवढ्या ओंडक्यांचा पाट आधी मांडायचा. जुन्या दलदलीच्या काळ्या, स्पंजासारख्या मातीवर पेटवायचाच नाही. ती माती म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर, आतल्या आत धुमसते आणि दिवसांनंतर भलतीकडे वर येते. विझवताना पाणी, मग काठीने ढवळणं, परत पाणी, शेवटी उघडा तळहात राखेत. हात ठेवता येत नसेल तर विझलेला नाही.

आणि राकोवाल्केआ! उबेसाठी माणसाने केलेल्या जाळांत यापेक्षा शहाणा जाळ आमच्या तरी माहितीत नाही. तुम्ही तो खाजगी जंगलात, मालकाच्या परवानगीने मांडता, त्याच्याच तोडीतल्या सुक्या पाइनचे दोन ओंडके घेऊन. लांबी माणसाच्या उंचीहून थोडी जास्त, जाडी २० ते २५ सेंटिमीटर. खालच्या ओंडक्याचा माथा आणि वरच्याचं पोट कुऱ्हाडीने तासायचं, पण गुळगुळीत नाही: ढलप्या अर्धवट उचलून तशाच लटकत ठेवायच्या, कोंबडीने पिसं फुलवल्यासारख्या. खालच्यावर तेर्वास आणि काटक्या टोकापासून टोकापर्यंत पसरायच्या. दोन्ही टोकांना ओल्या लाकडाच्या पाचरी आडव्या ठेवून त्यावर वरचा ओंडका चढवायचा, मध्ये दोन बोटं फट. ओंडका घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी ओल्या लाकडाच्या मेखा. मग पूर्ण लांबीभर पेटवायचं. एकाच टोकाला पेटवलं तर दुसरं टोक रात्रभर काळं राहतं आणि एकाचेच पाय शेकतात. फट कमी झाली तर हवा कोंडून धूर होतो, जास्त झाली तर दोन्ही लाकडांना एकमेकांची धग मिळत नाही आणि जाळ मरतो. नीट जमला तर ज्वाळा फार नाहीत, लालभडक फट रात्रभर तेवत राहते, कुणी उठून सरपण घालायला नको. समोर मीटर-दीड मीटरवर लावू, म्हणजे एका बाजूने उघडा उतरता निवारा. वारा त्याच्या तोंडासमोरून आडवा जायला हवा. तोंडावर आला तर धूर आत, पाठीवरून आला तरी छपराआड भोवरा होऊन धूर आतच.

झोपणाऱ्याच्या अंगाखाली काय आहे हे अंगावर काय आहे यापेक्षा महत्त्वाचं, हे पटायला आपल्या लोकांना वेळ लागतो. गार जमीन अंगातली ऊब सतत ओढत असते. स्प्रूसच्या फांद्या, याही मालकाला विचारून आणि तोडलेल्या झाडाच्या, दाबल्यावर वीतभर उरतील एवढ्या. त्यावर फोमची चटई. दोन ब्लँकेटं असतील तर एक खाली गेलं पाहिजे.

कपड्यांबाबत तुमचा नियम: निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येतो, आणि घामाने भिजलेला सुती बनियन थांबल्यावर फडक्यासारखा अंगाला चिकटून ऊब खातो. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया, पण जंगलात थर्मामीटर कोण लावतो? तुम्ही माणसाकडे बघायला शिकवलंत: चेन लावताना चाचपडणं, पाय अडखळणं, बोलताना जीभ जड होणं, आणि 'मला काही झालेलं नाही' असं चिडून सांगणं. हुडहुडी भरलीय तोवर शरीर लढतंय. माणूस तसाच गार असून हुडहुडी थांबली तर प्रकरण हाताबाहेर चाललंय. अशाला चोळायचं नाही, चालवायचं नाही, दारू तर नाहीच. अलगद आडवं करायचं, ओलं काढून कोरडं घालायचं, खालीवर गुंडाळायचं, शुद्धीत असून गिळता येत असेल तर गोड गरम पेय, आणि ११२. फोन आतल्या खिशात, नाहीतर नेमक्या वेळी बॅटरी झोपते. '११२ सुओमी' ॲपवरून फोन केला तर तुमचा ठिकाणा आपोआप कळतो. ते घरीच फोनमध्ये घालून मग निघायचं.

आता होकायंत्र. इथे आमच्या मंडळींची हमखास फजिती होते आणि दोष त्यांचा नसतो. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जवळजवळ शून्य, म्हणून तो कुणी शिकवतच नाही. हेलसिंकीत सुई खऱ्या उत्तरेच्या ९-१० अंश पूर्वेला असते, लॅपलंडच्या ईशान्येला त्याहून जास्त. दहा अंश विसरलात तर एक किलोमीटर चालून सुमारे १७५ मीटर बाजूला निघता, आणि त्या दाट, सपाट जंगलात १७५ मीटर म्हणजे झोपडी हुकली. दुसरं, भारतात घेतलेल्या होकायंत्राची सुई तिथल्या क्षेत्रासाठी तोललेली असते. उत्तरेत चुंबकीय ओढ जमिनीकडे खूप तिरपी होते, सुईचं उत्तर टोक खाली झुकून डबीला घासतं आणि अडकतं. यंत्र बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं नसतं, भलत्या गावी आलेलं असतं, आमच्यासारखं. तुओमास वोह्लोनेन यांनी १९३६ साली सुन्तो कंपनी काढली ती होकायंत्रांसाठीच, तेव्हा फिनलंडात चांगलं होकायंत्र मिळत नाही अशी सबब चालायची नाही.

सह्याद्रीत कड्याची धार, किल्ल्याचा माथा, खालच्या गावचा दिवा, काहीतरी दिसतं. इथे झाडामागे तसंच झाड. म्हणून तुम्ही पावलं मोजायला लावता: सपाटीवर १०० मीटरला डाव्या पायाची ६०-६५, शेवाळातून आणि खोडं ओलांडताना ७५-८०, प्रत्येकाने आपलं माप स्वतः काढायचं. झोपडी ओढ्याकाठी असेल तर थेट तिच्यावर नेम धरायचा नाही, मुद्दाम थोडं डावीकडे जायचं. ओढा लागला की उजवीकडे वळायचं, हे नक्की माहीत असतं. थेट गेलात आणि ओढ्यावर झोपडी दिसली नाही, तर कुठे वळणार? आणि चुकलोच, तर थांबायचं. शिट्टी मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांतता. सहा शिट्ट्यांना तीनचं उत्तर आलं तर कुणीतरी ऐकलंय.

बर्फावरचं थोडक्यात, कारण ते वाचून येत नाही. टणक, निळसर बर्फ ५ सेंटिमीटर असेल तर एक माणूस चालू शकतो. वसंतातला काड्याकाड्यांचा बर्फ जाडी कितीही असो, भरवशाचा नाही. गळ्यात नास्कालित, म्हणजे अणकुचीदार खिळे बसवलेल्या दोन मुठी, पडल्यावर बर्फात रोवून स्वतःला वर ओढायला. सॅकमध्ये असतील तर त्यांचा उपयोग शून्य. पडलात तर पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायला, मग आलात त्याच दिशेला तोंड, पाय मागे आडवे झाडत पोटावर वर, आणि उभं न राहता लोळत लांब. ज्या बर्फाने तिथवर पेललं तो मागे आहे, पुढचा पेलेल याची खात्री नाही.

खाण्याबद्दल तुमचा रुक्षपणाही आवडला. किलोभर रानटी ब्लूबेरी वेचायला बराच वेळ जातो आणि हाती लागतात चार-पाचशे कॅलरी. वेचाव्यात, छान लागतात, पण जीव त्यावर तगत नाही. अळंबी तर उपाशी माणसाने ओळखायच्या भरीस पडूच नये. बर्फ खायचा नाही, वितळवायचा, आणि भांड्यात तळाला घोटभर पाणी घालून मगच, नाहीतर भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो.

शेवटचे आभार एका अगदी बारीक गोष्टीचे. निघायची घाई असते, अंधार पडायला आलेला असतो, सगळे सॅक बांधत असतात, आणि तुम्ही पुन्हा कुऱ्हाड उचलता. पुढे येणारा कदाचित भिजलेला असेल, त्याची बोटं चालत नसतील, म्हणून त्याच्यासाठी बोटभर जाडीच्या कोरड्या फोडी, छपरीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे पावसाची झड पोचत नाही तिथे. वर भूर्जाच्या सालीची दोन वेटोळी. आता आमच्यातलं कुणी तिथे गेलं की कोपरा भरून येतं. मागच्या खेपेला गेलो तर तो आधीच भरलेला होता, आणि फोडी तुमच्या पद्धतीने रचलेल्या नव्हत्या.

कळावे, लोभ असावा.

तुमच्यामागून चालणारी मराठी मंडळी

ता. क. तुमची सुरी, पुक्को, आमच्यातल्या एकाकडे राहिलीय. शहरात ती कमरेला लावून फिरणं कायद्यात बसत नाही, म्हणून सॅकमध्ये, म्यानात, गुंडाळून आणतो.