उसाच्या पाण्याचा सरसकट हिशेब

उसाच्या पाण्यावरील रविवारच्या लेखात वर्षभरासाठी १.२५ हा एकच पीक गुणांक (हवामानावरून काढलेल्या मूळ गरजेला ज्याने गुणून त्या पिकाची पाण्याची गरज मिळते तो आकडा) धरला आहे, तो खटकला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९९८च्या पद्धतीत हा आकडा फक्त भर वाढीच्या काळाचा आहे. लागणीनंतर तो ०.४०, तोडणीच्या सुमारास ०.७५. संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन (ही मूळ गरज, म्हणजे पाण्याची ददात नसलेल्या गवताच्या जमिनीतून व पानांतून उडणारे पाणी) दिवसाला ६ मिमी असेल, तर भरातल्या उसाला रोज हेक्टरी ७५ हजार लिटर पाणी लागते, कोवळ्या उसाला २४ हजार. (पाटातली गळती वेगळीच!) शिवाय ही मूळ गरज ज्यांवरून काढतात, त्या तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन यांच्या नोंदी शेताजवळच्या केंद्राच्याच हव्यात. कुलाब्याच्या दमट हवेचे आकडे सोलापूरच्या शिवाराला लावले, तर गरज कमी दिसते आणि ऊस भर दुपारी पाने गुंडाळतो.

– एक वाचक, दादर, मुंबई