शाळेतील कर्मचाऱ्यांचे वजन आणि शाळेचे वेळापत्रक

मा. संपादक,
स. न.

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक विद्यालयात मी गेली सव्वीस वर्षे अध्यापन करते. शाळांमधील कर्मचाऱ्यांचा लठ्ठपणा कमी करण्यासाठी कामाच्या ठिकाणीच आरोग्य कार्यक्रम राबवावेत, या विचाराला माझा मनापासून पाठिंबा आहे. परंतु असा कार्यक्रम म्हणजे वर्षातून एक व्याख्यान आणि वजन मोजण्याचे एक शिबिर एवढाच असेल, तर त्यातून कोणाचेही वजन उतरणार नाही. शाळेचा दिवस ज्या रीतीने आखलेला आहे त्यालाच हात घालावा लागेल, आणि तेच सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रश्न किती गंभीर आहे ते आधी सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २४ टक्के महिलांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. गोव्यात हेच प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे. शिवाय आपल्या लोकांची चरबी पोटावर साठते आणि कमी वजनातही मधुमेह जडतो. त्यामुळे भारतीयांसाठी डॉक्टरांनी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २३ च्या पुढे गेला की जादा वजन आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा, अशी कडक मर्यादा सुचवली आहे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. आमच्या स्टाफरूममध्ये ही टेप फिरवली तर किती जण मर्यादेत बसतील, याचा अंदाज मला आहे.

आता आमचा दिवस पाहा. घंटा पावणेआठला होते, म्हणून दूरच्या गावांतून येणारे शिक्षक साडेसहाला घर सोडतात आणि त्या वेळी पोटात जातो तो केवळ एक कप चहा, फार तर दोन बिस्किटे. तीन-चार तास उभे राहून, घसा ताणून शिकवल्यावर मधली सुट्टी होते ती वीस मिनिटांची, आणि त्यातलीही दहा मिनिटे मुलांच्या तक्रारी निस्तरण्यात जातात. अशा वेळी कॅन्टीनमध्ये जे तयार असते तेच खाल्ले जाते, आणि तयार असतात सामोसे, मिरची भजी, पॅटीस नाहीतर मैद्याच्या पावाबरोबर तर्रीची भाजी. चहा किटलीतूनच साखर घालून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची वरून घातलेली साखर सुमारे २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिलेली उत्तम. दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप झाले की तिथेच हिशेब पूर्ण होतो. मग दीड वाजता शाळा सुटते आणि दोन-अडीचला आम्ही घरी पोचतो ते भुकेने व्याकूळ होऊन. ताटात शिताचा डोंगर, हुमण म्हणजे माशाची आमटी आणि तळलेली मासळी येते, त्यावर तासभर झोप होते आणि संध्याकाळ वह्या-पेपर तपासण्यात बसून सरते. शिक्षक दिवसभर उभे असतात म्हणून त्यांना व्यायामाची गरज नाही, असे पुष्कळांना वाटते. उभे राहण्याने पाय दुखतात, शिरा फुगतात. नाडीचा वेग वाढवणारा व्यायाम मात्र त्यातून होत नाही.

माझ्या स्वतःच्या अनुभवातली एक गोष्ट इथे सांगणे मला आवश्यक वाटते. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे एका उत्साही व्यवस्थापनाने अशीच मोहीम काढली होती. सर्वांची वजने एकमेकांसमोर मोजली गेली, ती फळ्यावर लिहिली गेली आणि तीन महिन्यांनी सर्वांत जास्त वजन घटवणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. त्या फळ्यावर माझे नाव खालून दुसरे होते. पुढच्या मोजणीच्या दिवशी मी रजा टाकली, आणि रजा टाकणारी मी एकटी नव्हते. दोन सहकाऱ्यांनी चार-चार दिवस जवळजवळ उपाशी राहून वजन उतरवले. उतरलेले वजन दिवाळीपर्यंत परत आले. पुढे सत्तेचाळिसाव्या वर्षी मला मधुमेह असल्याचे निदान झाले ते वेगळ्याच कारणाने केलेल्या रक्ततपासणीत. फळ्यावर वजन लिहिणाऱ्यांनी त्या दिवशी बोटातून एक थेंब रक्त घेतले असते, तर कदाचित ते आधी कळले असते.

केवळ प्रबोधनाच्या मर्यादा परदेशातही दिसून आल्या आहेत. अमेरिकेतील एका मोठ्या विक्री कंपनीच्या १६० ठिकाणांवरील सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे आरोग्य कार्यक्रम राबवला तिथल्या लोकांनी आपण अधिक व्यायाम करतो असे सांगितले. प्रत्यक्षात दीड वर्षानंतर त्यांचा बीएमआय, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांत इतरांहून लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ काहीच उपयोगी पडत नाही असा मुळीच नव्हे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांना आहार आणि चालण्याबाबत सातत्याने, व्यक्तिशः मार्गदर्शन मिळाले तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटले, हे चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ मध्येच दाखवून दिले आहे. ऐंशी किलोच्या माणसाने चार-पाच किलो उतरवले आणि ते उतरलेलेच ठेवले तरी साखर व रक्तदाबावर चांगला परिणाम होतो. बक्षिसासाठी घाईने पंधरा किलो उतरवण्याची गरज नाही.

म्हणून माझी विनंती शिक्षण खात्याला आणि शाळांच्या व्यवस्थापनांना आहे. मधली सुट्टी दहा मिनिटांनी वाढवावी. चहा बिनसाखरेचा यावा आणि साखर बाजूला ठेवावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना मुलांसाठी साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. तसा फलक स्टाफरूममध्येही लागायला हवा. कॅन्टीनच्या कंत्राटातच उकडलेले मूग वा चणे, केळी, तवशाच्या (काकडीच्या) फोडी, अंडी आणि खरोखरच कोंडा असलेली पोई, म्हणजे गव्हाचा पाव, रोज ठेवण्याची अट असावी, आणि त्यांचा दर सामोशापेक्षा जास्त नसावा. आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालावे असे डॉक्टर सांगतात, तर त्यातली निदान साठ मिनिटे शाळेच्या वेळापत्रकात बसवावीत आणि त्या वेळेत बदली तास देऊ नयेत. पावसाळ्याचे चार महिने मैदान चिखलाचे असते, तेव्हा सभागृह उघडून द्यावे. महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छ, कडी लागणारे स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची जागा असावी; घामाने भिजलेल्या साडीत पुढचा तास घ्यावा लागणार असेल तर कोणीही चालायला जाणार नाही, आणि स्वच्छतागृह नीट नसल्याने पाणीच कमी पिणाऱ्या शिक्षिका मी रोज पाहते. तपासणी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राकडून व्हावी, कारण तिथे तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासला जातो. मात्र प्रत्येकाचे आकडे त्याच्याच हाती राहावेत. व्यवस्थापनाला कळावी ती केवळ एकत्रित सरासरी, आणि तीही वजनाबरोबर कंबर, साखर व रक्तदाबाची.

शेवटी, हा कार्यक्रम केवळ शिक्षकांपुरता राहू नये. दिवसभर खुर्चीवर असणारे कारकून त्यात हवेतच, पण मला सर्वाधिक काळजी वाटते ती बालरथाच्या, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या शाळेच्या बसच्या, चालकांची आणि मदतनीस महिलांची. पहाटे पाचला उठून ते मुलांना गोळा करतात, त्यानंतर शाळा सुटेपर्यंत गाडीजवळ बसून राहतात आणि पुन्हा दुपारची फेरी करतात. त्यांना स्टाफरूम नाही, मधली सुट्टी नाही, आणि जेवणाला तीन वाजतात. सकाळची फेरी संपल्यापासून दुपारची सुरू होईपर्यंत पाच तासांहून अधिक वेळ त्यांच्याजवळ असतो. बसायला सावलीची एक खोली, न्याहारी आणि चालण्यासाठी उघडे मैदान एवढे दिले, तर शाळेतला हा कार्यक्रम त्यांच्यापासूनच सुरू करता येईल.

आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका, फोंडा