‘पॉडकास्ट’मधला ‘पॉड’ कुठला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला पॉडकास्टवरचा, म्हणजे इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकायच्या कार्यक्रमांवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण ‘पॉड म्हणजे पर्सनल ऑन डिमांड’ हा त्यातला खुलासा मागाहून जुळवलेला आहे. शब्द आधी रूढ झाला, ही फोड नंतर बसवली.

‘पॉड’ आला तो ॲपलच्या आयपॉडमधून. खिशात मावणारे हे गाणी ऐकण्याचे यंत्र २००१ साली आले. फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये, अशा कार्यक्रमांच्या नव्या प्रकाराला म्हणायचे तरी काय, असे विचारत तीन नावे सुचवली: ऑडिओब्लॉगिंग, पॉडकास्टिंग आणि गुरिला मीडिया. मजकूर एका वाक्याने कमी पडत होता म्हणून ती ओळ वाढवली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. (जागा भरायला लिहिलेले सगळेच वाया जात नाही, हे आपल्याला जास्त ठाऊक!) २००५ मध्ये ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’ने ‘पॉडकास्ट’ला वर्षाचा शब्द ठरवले.

उरलेला ‘कास्ट’ तर आमच्याच खात्याचा. ‘ब्रॉडकास्ट’ हा इंग्रजीत मुळात शेतीतला शब्द, म्हणजे बी मुठीने फोकून पेरणे. रेडिओवाल्यांनी तो १९२०च्या सुमारास उचलला. आपल्याकडे कोथिंबीर अशीच फोकतात. धने आधी रगडून दोन फाकी करायच्या, वाऱ्याचा अंदाज घेत मूठ सोडायची, मागून दाताळे फिरवायचे. तरी वाफ्यात एकीकडे दाटी आणि दुसरीकडे टक्कल पडतेच.

रेडिओला हा शब्द चपखल बसतो. जळगाव आकाशवाणीवर शेतीचा कार्यक्रम लागला की तो सगळ्यांसाठी एकाच वेळी. त्या वेळी तुम्ही पाण्याची मोटार चालू करायला गेलात, तर कार्यक्रम गेला. पॉडकास्टचे तसे नाही. भाग एका जागी ठेवलेला असतो आणि ज्याने मागितला त्याच्याच मोबाइलवर, त्याच्या सवडीने उतरतो. ही फोकणी नव्हे, कपाशीसारखी टोकणी झाली, म्हणजे एकेक बी नेमक्या जागी लावणे. मग नाव चुकले का? माझ्या मते चुकले, पण आता कोण बदलणार!

म्हणूनच लेखाच्या शेवटी ‘ध्वनिप्रक्षेपिका’ वगैरे जे पर्याय सुचवले आहेत, ते मला पटले नाहीत. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासताना अहिराणी विनोद ऐकणारी पोरे सरळ ‘पॉडकास्ट’ म्हणतात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी आयपॉड पाहिलेलाही नाही. ॲपलने तो २०२२ मध्ये बंदच केला.

‘पर्सनल ऑन डिमांड’ची दुरुस्ती मात्र जरूर छापावी. आमच्याकडची स्पर्धा परीक्षांची मुले पुरवणीतली माहिती वहीत जशीच्या तशी उतरवून घेतात.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक
यावल, जि. जळगाव