माझी मुलगी उदासीन नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकात पान तीनवर शिष्यवृत्तीच्या प्रलंबित अर्जांची बातमी वाचली. अर्ज कॉलेजांच्या लॉगिनला पडून आहेत, इथपर्यंत ठीक. पण मथळा दिलात ‘विद्यार्थ्यांची उदासीनता’. ‘मुले पाठपुरावाच करीत नाहीत,’ असं एका साहेबांचं म्हणणं खाली छापलंत. तुमच्या वार्ताहराने साहेबांना विचारलं तसं एखाद्या मुलाला, नाहीतर त्याच्या आईबापाला विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते राहून गेलं, म्हणून मी लिहितो आहे. तो शब्द मला फार लागला.

मी कळंब तालुक्यातला अल्पभूधारक शेतकरी. मुलगी लातूरला बी. फार्मसी करते. २०२३-२४ला, पहिल्या वर्षाला असताना, तिने पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, भरला. कागद कोणकोणते लागतात ते तुमच्या वाचकांना पाठ आहे, मी सांगत बसत नाही. अर्ज एकदा परत आला, कारण दाखल्यावर तिच्या आईच्या नावात वेलांटी दुसरी होती आणि रेशनकार्डावर पहिली. दोन दिवसांत तहसीलला जाऊन नवा दाखला काढला आणि अर्ज पुन्हा पाठवला. पाठपुरावा म्हणतात तो हाच ना?

जून २०२४मध्ये पोर्टलवर दिसलं की पैसे जमा झाले. वीस हजार रुपये. पासबुकात मात्र काहीच नाही. कॉलेजच्या क्लार्कने सांगितलं, आमच्याकडून पैसे गेले, बँकेत विचारा. लातूरच्या बँकेने सांगितलं, आमच्याकडे आलेच नाहीत, कॉलेजात विचारा. हेल्पलाइनला फोन लागला तर तिकडून तक्रार क्रमांक मिळायचा. असे चार क्रमांक तिच्या वहीत लिहिलेले आहेत, तारखेसह. जुलै गेला, ऑगस्ट गेला, पोळा गेला. दर शनिवारी पोरगी प्रॅक्टिकल आटोपून बँकेत जायची आणि तिथल्या बाकावर बसून राहायची.

ऑक्टोबरात आमच्या गावच्या ई-सेवा केंद्रातल्या पोराला दया आली. त्याने तिच्या मोबाइलवर ओटीपी मागवला, आधारच्या संकेतस्थळावर बघितलं आणि म्हणाला, ‘‘मामा, हिचं आधार दुसऱ्याच बँकेला मॅप हाय. पैसे तिकडं पडलेत.’’

हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि अजूनही शंभरातल्या नव्वद पालकांना माहीत नसावं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं ‘लिंक’ झालं, असं आपण धरून चालतो. पण सरकारी पैसा खातेक्रमांक पाहून येत नाही, आधार क्रमांकावर येतो. त्या आधारला पैसे घ्यायला एका वेळी एकच बँक जोडलेली असते. या जोडणीला ‘सीडिंग’ म्हणतात. ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालं, पैसे तिथे जातात. लातूरच्या खात्यात आधारची झेरॉक्स होती, सीडिंग नव्हतं. बँकेतल्या माणसाने पाच महिन्यांत एकदा तरी संगणकावर हे बघून सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. गावच्या पोराने तेवढ्यातच केलं.

आणि ती दुसरी बँक कोणती निघाली? मुलगी सातवीत होती तेव्हा, २०१७ साली, सरकारने गणवेशाचे कपडे द्यायचं बंद करून पैसे खात्यावर टाकायचं ठरवलं. दोन गणवेशांचे चारशे रुपये. त्यासाठी आई आणि लेकराचं जोडखातं उघडायला लावलं होतं. चारशे रुपयांसाठी आईची एक दिवसाची मजुरी बुडाली, तेव्हाही तुमच्याच पेपरात पालकांची पत्रं आली होती. ते खातं आम्ही विसरून गेलो होतो. त्याचं पासबुक कणगीमागच्या पेटीत सापडलं.

तालुक्याच्या त्या शाखेत गेलो तर उत्तर मिळालं, ‘खातं निष्क्रिय झालंय.’ पैसे दिसत होते, काढता येत नव्हते. खातं अज्ञान मुलीचं आहे, ती आता सज्ञान झाली, नवं केवायसी करा. आईला घेऊन या, दोघी एकाच वेळी पाहिजेत. सोयाबीनची काढणी चालू होती आणि मुलीची परीक्षा तोंडावर. तीन खेपा झाल्या. एकदा मुलगी आली तर साहेब ट्रेनिंगला. एकदा दोघी आल्या तर मशीन बंद. तिसऱ्यांदा म्हणाले, आधी पाचशे रुपये भरून व्यवहार दाखवा, मग खातं चालू होईल. भरले.

नंतर एका निवृत्त बँकवाल्या पाहुण्यांनी सांगितलं ते ऐकून मी सुन्न झालो. रिझर्व्ह बँकेचं १ जानेवारी २०२४चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०२४पासून लागू. शिष्यवृत्ती किंवा सरकारी अनुदान जमा व्हावं म्हणून उघडलेलं शून्य शिलकीचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तरी निष्क्रिय धरायचं नाही. आणि निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला कोणताही आकार घ्यायचा नाही. आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो. नियम सहा महिने जुना होता. शाखेत कुणाला तो ठाऊक नसेल, किंवा आम्हाला सांगावासा वाटला नसेल. दोन्ही सारखंच वाईट.

नोव्हेंबरात पैसे हातात पडले. पण मेसवाला आणि खोलीमालक नोव्हेंबरपर्यंत थांबत नसतात. जुलैमध्येच मी आडतीवरून वीस हजार उचलले होते, शेकडा तीन रुपयांनी. महिन्याला सहाशे, पाच महिन्यांचे तीन हजार. उचल घेतली की माल त्याच आडतीवर घालावा लागतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. हमीभाव ४,८९२ होता. माझं बारा क्विंटल सोयाबीन ४,१५०ने गेलं. क्विंटलमागे ७४२ रुपये सोडले. व्याज आणि हा फरक मिळून अकरा हजार नऊशे चार होतात. वीस हजारांच्या भत्त्यासाठी जवळपास बारा हजार गेले. साहेब प्रलंबित अर्जांचा आकडा सांगतात, या बारा हजारांचा आकडा कोणत्या कार्यालयात नोंदला जातो?

८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. त्याचा लाभ माझ्या मुलीला मिळतो आहे आणि मी त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. पण खोली, मेस, पुस्तकं, एसटी हे घरूनच करावं लागतं आणि भत्ता त्यासाठीच असतो. तो वर्ष संपल्यावर आला तर वर्ष कशावर काढायचं?

तुमची बातमी मुलीने मोबाइलवर वाचली. रात्री फोन केला आणि विचारलं, ‘‘अण्णा, माझं काय करायचं ऱ्हायलं होतं?’’ मी काही बोललो नाही.

त्याच पानावर खाली शैक्षणिक कर्जाच्या थकबाकीची चौकट होती, तीही सोडवत नाही. माझा थोरला २०१८ला इंजिनिअरिंगला गेला. चार वर्षांत मिळून तीन लाख ऐंशी हजार कर्ज. चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही हा नियम असताना सातबारा ठेवून घेतला. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलं तर शिक्षणाची वर्षं आणि पुढचं एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९पासून आहे. उत्पन्नाचा दाखला आम्ही दिला होता, पोच माझ्याकडे आहे. बँकेने त्या व्याजाचा दावाच सरकारकडे पाठवला नाही. हप्ता सुरू व्हायच्या वेळेला एक लाख तेहतीस हजार व्याज वर चढलं होतं. विचारलं तर बँकेतले म्हणाले, पोर्टल बंद झालं. आज तो चाकणला एकोणीस हजारांवर काम करतो आणि सहा हजार सातशे ऐंशीचा हप्ता भरतो. दावा गेला असता तर हप्ता पाच हजारांच्या घरात असता. गेल्या सप्टेंबरात मांजरेच्या पुरात रान खरडून गेलं, तेव्हा त्याने घरी पैसे पाठवले आणि दोन हप्ते चुकले. तुमच्या चौकटीत तो थकबाकीदार म्हणून मोजला गेला असेल. ती चौकट लिहिणाऱ्याने बँकांना एक प्रश्न विचारावा: व्याज अनुदानाला पात्र असलेल्या किती मुलांचे दावे तुम्ही पाठवलेच नाहीत?

तुमचा पेपर मी एकोणीस वर्षं घेतो, म्हणून हक्काने मागतो. मथळ्यातला तो शब्द मागे घ्या. दुसरं, अर्जाची शेवटची तारीख आणि मुदतवाढ वेळेवर छापा. मागच्या वर्षी मुदतवाढीची बातमी मुदत संपली त्याच दिवशी आली, आणि आमच्या गावात पेपर सकाळी दहाच्या एसटीने येतो. आणि आधार कोणत्या बँकेला मॅप आहे ते कसं बघायचं, एवढी एक चौकट जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत पहिल्या पानावर द्या. मजकूर लागला तर ई-सेवा केंद्रातला तो पोरगा लिहून द्यायला तयार आहे, मी त्याला विचारलं आहे.

कळावे,
आपला,
एक पालक
ता. कळंब, जि. धाराशिव