मॅडम, तुम्ही थांबलात

प्रिय मॅडम,

प्रबंध मंजूर होऊन आठवडाही झालेला नाही. औपचारिक आभार त्या दिवशी फ्रेंचमध्ये मानले, पण मनातलं लिहायला बसले तर मराठीच येतेय.

आधीच्या मार्गदर्शकांनी माझा विषय एका वाक्यात निकालात काढला होता: शब्दांच्या खेळावर कुणी पीएचडी करतं का? पुढे तर मेलला उत्तर देणंही सोडलं. त्यांनी फ्रेंच कादंबरीकार पेरेक वाचला तरी होता का, हा प्रश्न मला आजही छळतो. जॉर्ज पेरेकचे वडील 1940 मध्ये युद्धात मारले गेले, आईला 1943 मध्ये आउशवित्झच्या नाझी छळछावणीत नेलं. त्या पोरक्या मुलाने 1969 साली अख्खी कादंबरी रोमन ‘ई’ न वापरता लिहिली. फ्रेंचमध्ये सगळ्यात जास्त येणारं अक्षर ते! त्या पुस्तकात त्याला स्वतःचं नावसुद्धा लिहिता आलं नसतं. याला नुसता खेळ म्हणायला जीभ कशी रेटते?

तुम्ही उमेदीच्या वयापासून हेच वाचत, शिकवत आलात. कनो आणि ल लिओने यांनी 1960 मध्ये सुरू केलेल्या ऊलिपोपासून, म्हणजे स्वतःवर असे नियम घालून लिहिणाऱ्यांच्या गटापासून, आजच्या लेखकांपर्यंत. आन गारेताची ‘स्फिंक्स’ माझ्या हाती पहिल्यांदा तुम्हीच ठेवलीत. प्रेमकथा, पण त्या दोघांतलं कोण स्त्री आणि कोण पुरुष, हे शेवटपर्यंत कळू न देणारी.

पण मला सांगायचंय ते सेमिनारच्या त्या दुपारचं. पेरेकच्या आईबद्दल बोलताना माझं फ्रेंच अडलं. शब्दच येईना. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी मला शब्द पुरवायला तोंड उघडलं. तुम्ही हातानेच त्यांना थांबवलंत, पेनाला टोपण लावलंत आणि माझ्याकडे बघत शांत बसून राहिलात. चेहऱ्यावर कीव नव्हती, पुढचं ऐकायची उत्सुकता तेवढी होती. मी वाक्य पुरं केलं. मग तुम्ही टोपण काढून ते वहीत उतरवून घेतलंत. माझं वाक्य, तुमच्या वहीत!

परक्या देशात मदत करणारे पुष्कळ भेटले. मदत करताना समोरच्याला लहान न करणारी माणसं मात्र फार थोडी. विद्वत्ता मी पुण्यात पाहिली, पॅरिसमध्येही पाहिली. तिच्या जोडीला एवढा साधा भलेपणा क्वचितच दिसला.

पुढच्या सत्रापासून पुण्यात शिकवतेय. पहिल्याच वर्गात पेरेक घ्यायचा आहे. तुमची टिपणं मुलांना वाचायला दिली तर चालेल ना?

तुमची विद्यार्थिनी