अण्णांच्या मिशीचा घोळ

मंग्या,

आईचे गुडघे सोडले तर घरी सगळं ठीक. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसला असतास, म्हणून टाइप करतोय.

शाळेतल्या पोरांकडून प्लास्टरचे मुखवटे करून घ्यायचेत, म्हटलं आधी घरी ट्रायल घेऊ, तर अण्णा म्हणाले माझ्यावर घे आणि झाले ओसरीवर आडवे. मिशी नि भुवयांना व्हॅसलीन थापलं, नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या, आणि मेडिकलमधल्या प्लास्टर बँडेजच्या पट्ट्या कोमट पाण्यात बुडवून थरावर थर दिले. घट्ट होताना ते गरम होतं ना, हलू नका म्हटलं तर म्हाताऱ्याचं पोट हलायला लागलं, आतल्या आत हसत होते. नुसतं पीओपी कालवून जाड थापलं तर भाजू शकतं. तुझीच आयडिया होती ती, गणपतीच्या मूर्तिशाळेतून पावडर चोरून माझ्या तोंडावर! बाप्पानेच वाचवलं मला.

निघाला हुबेहूब. पण ह्या पावसात वाळतोय कुठे, चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवला शेवटी, कारण आत ओल राहिली की रंगाचे पोपडे निघतात. मग सँडपेपर, पाण्यात कालवलेलं फेविकॉल, वर पांढरा प्रायमर.

आता रंगावरून भांडण. दादा म्हणतो राजपार्ट कर, झोकदार मिशी काढ, हॉलमध्ये लावू. अण्णा म्हणतात, "मी राजा कधी झालंय रे? माका द्रौपदी कर." झालं, दादा ताटावरून उठला. पाहुणे काय म्हणतील म्हणे! जत्रेतल्या दशावतारी नाटकात अण्णा बाईचा पार्ट करायचे तेव्हा दादा मागे पानाच्या गादीजवळ का उभा राहायचा ते तुला माहितीये. आपण पुढे बसायचो, आणि तो बाईमाणूस म्हणजे अण्णा हे तुला पटेना म्हणून पैज लावलीस, ती अजून दिलेली नाहीस.

त्यात मुखवट्याचे डोळे मिटलेले. पापण्यांवर उघडे डोळे रंगवले तर बाहुली दिसते, मिटलेले ठेवले तर आई म्हणते असलं भिंतीवर नको, पुढचा शब्द ती बोलत नाही. दशावतारात जो तो आपलं तोंड आपणच रंगवतो, सफेदा काय काजळ काय, म्हणून वाटतं ब्रश अण्णांच्याच हातात द्यावा. पण मंग्या, त्यांचा हात आता कापतो रे. चहाची बशीसुद्धा वाजते. काजळाची रेघ वाकडी गेली तर दादा-आईला कळणार नाही, त्यांना कळेल, आणि ते गप्प बसतील. मला त्याचीच धास्ती आहे, मिशीबिशीची नाही. मी हात धरला तर आवडणार नाही त्यांना. तू धरलास तर कदाचित चालेल, तुला ते आजही शिव्या देतात.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोरीचा निकाल? वहिनींना सांग कोकम पाठवतोय.

गणपतीला दोन दिवस आधी ये, तोवर मी रंगाला हात लावत नाही. दादाला तूच समजाव, माझं ऐकत नाही. आणि पैजेचे पैसे आण, व्याजासकट.

तुझा,
बाबल्या